मे महिन्यातली चौकट

चंद्रपूर, २० जानेवारी २००२

भाऊ,

पाया पडते. तू पाय मागे घेतलेस तरी पडते.

दिवाळीत तू म्हणालास, घरी सांगता येत नाही ते काम चांगलं नसते. मी गप्प राहिले. तुला वाटलं, शिकली आणि शिंगं फुटली. तसं नाही. नोकरीला लागताना माझ्याकडून एका कागदावर सही घेतली आहे, की ऑफिसातलं बाहेर बोलणार नाही. बाबा अंगठा लावत, पण लावलेल्या अंगठ्यावरून कधी फिरले नाहीत. मग मी तर सही केली आहे.

मोठं अक्षर काढून लिहिते आहे. अक्षरं तुला मीच शिकवली, ओट्यावर कोळशाने, म्हणून तू कुठे अडतोस ते मला ठाऊक आहे. तरी हे मास्तरांकडून वाचून घेऊ नकोस. एकटा बस आणि सावकाश वाच. मी शाळेच्या भाषेत लिहिते म्हणून हसूही नकोस. बोलताना मी आपलीच आहे, लिहिताना हात असाच वळतो.

माझं बरं आहे. ऑफिस जटपुरा गेटाजवळ कापडाच्या दुकानावर आहे. बाहेर ‘नकाशे व सर्वेक्षण’ अशी पाटी आहे, आणि ती खोटी नाही. आम्ही चौघं आहोत. आमचे साहेब जाफरभाई इथलेच, त्यांचे वडील बाजारात शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. साहेब रागावले तरी हसतच रागावतात. पण हल्ली हैदराबादच्या मोठ्या ऑफिसचा फोन आला की बाहेरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतात.

बल्लारशाच्या बाजूने मालगाड्या जातात, त्यांवर ताडपत्रीने झाकलेलं काहीतरी असतं. फाटकावर लोक सायकली धरून बघत राहतात. मोजायला पोरं असतात, पण यंदा पोरंही मोजत नाहीत.

एक विचारायचं होतं. यंदा तेंदूपत्त्याला ट्रक कुठे नेणार? दरवर्षीच्याच फळीवर, कोसमडोंगरीच्या पायथ्याशी, पानांचे पुडे वाळवतो तिथेच? आपल्याबरोबर शेजारची दोन्ही गावं येतात का अजून? मुकादम तूच, तुलाच ठाऊक. का विचारते ते विचारू नकोस. उत्तर दे म्हणजे झालं. वहिनीकडून लिहून पाठवलंस तरी चालेल.

मायच्या गुडघ्याला मोहाचं तेल लावत जा.

नीलिमा


चंद्रपूर, ३ मार्च २००२

भाऊ,

तुझं उत्तर आलं नाही. आज मी सही मोडते आहे. तीन दिवस मनाशी भांडले, मग लिहायला बसले.

आम्ही इथे एक प्रोग्राम भरतो. प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली कामाची रीत. हा लढाईसाठी आहे. लांबून क्षेपणास्त्र आलं, तर आपल्याकडून दुसरं सोडून त्याला आकाशातच फोडायचं. पण ते यायला आणि फोडायला मिळून काही मिनिटंच असतात. अनेक आली आणि आपल्याकडे थोडीच असली, तर कोणतं आधी फोडायचं, कोणतं गाव, कोणता कारखाना आधी वाचवायचा, एवढं डोक्यात मांडायला माणसाला वेळ मिळत नाही. म्हणून प्रोग्राम साहेबाला सांगतो, हे करा. साहेब हो किंवा नाही म्हणतो. जाफरभाई म्हणतात, एवढ्या वेळात नाही म्हणणारा साहेब अजून जन्मायचा आहे.

आकाशात फोडलं तरी तुकडे खालीच येतात. जळते असतात, आणि त्यांच्यात काय भरलेलं असेल ते सांगता येत नाही. ते कुठे पडावेत हेही प्रोग्रामच बघतो. थोडं आधी फोडावं की थोडं नंतर, त्यावर जागा बदलते. जिथे माणसं सर्वांत कमी, तिथे तो नकाशावर कडं काढतो आणि खाली एक ओळ येते. सर्वांत कमी हानी.

आपले दोन जिल्हे नमुन्याला घेतले आहेत. या अंगाला वीज, कोळसा, सिमेंट, सगळं वाचवण्यासारखं, आणि त्या अंगाला जंगल. नकाशावर चौकटी पाडल्या आहेत आणि प्रत्येक चौकटीत किती माणसं राहतात ते मी भरते. जनगणनेतून घेते. मी चुकत नाही, हे तुला माहीत आहे. एक आकडा चारदा तपासते, त्यावरून सगळे चिडवतात.

कोसमडोंगरीच्या चौकटीत मी शून्य भरलं. तिथे गाव नाही, जनगणनेत काही नाही, म्हणून शून्य. भरलं आणि पुढे गेले. दुपारी डबा खाताना एकदम आठवलं, मी त्या शून्यात राहिलेली आहे. साडी बांधून केलेल्या डेऱ्यात, मायच्या पायाशी, वाळत घातलेल्या पुड्यांच्या वासात. आपण तीन गावं, पलीकडच्या खोऱ्यात वैरागडकडचे, त्यापुढे आणखी कोण कोण. मे महिन्यात त्या शून्यात जत्रा भरलेली असते.

प्रोग्राम चालवून बघितला. कडं कोसमडोंगरीवर पडलं. दुसऱ्यांदा चालवला, पुन्हा तिथेच.

वरून आमच्याकडे उन्हाळ्याची फाईल मागितली आहे. पावसाळ्याची कोणी मागितली नाही.

म्हणून सांगते, भाऊ, यंदा पत्त्याला जाऊ नका. तुझ्या शब्दावर तिन्ही गावं ट्रकमध्ये बसतात, तुझ्या शब्दावर थांबतीलही. वर्षाची कमाई जाते हे मला कळतं. लढाई होईलच असं नाही. झालीच तर हा प्रोग्राम वापरतील असंही नाही. पण ज्या जागेवर मीच शून्य लिहिलं, तिथे तुला जाताना मला बघवणार नाही.

हे वाचलं की चुलीत घाल.

नीलिमा


चंद्रपूर, ९ एप्रिल २००२

भाऊ,

वारलूमामा डोळा दाखवायला आले होते. त्यांना दवाखान्यात घेऊन गेले, मग चहाला बसलो. मी विचारलं, भाऊने पत्रं वाचली का. मामा बशीतला चहा फुंकत राहिले.

“तुझे दोन्ही पाकिटं त्यानं आढ्याले खोचून ठेवले,” ते म्हणाले. “फोडले नाई. म्हणते, लपवाचं काम करनारीचं काय वाचाचं.”

मी विचारलं, ट्रक?

“सांगून झाला ट्रक. दरसालचीच फळी. काऊन व?”

मामांना मी काही सांगितलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही, एस.टी.तल्या कंडक्टरलाही सांगतील. तेव्हा हे पत्रही आढ्यालाच जाईल. तरी लिहिते. न लिहिता राहवत नाही.

तुम्ही जाणार हे नक्की झालं, तेव्हा माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. जाफरभाईंकडे गेले. म्हटलं, मे महिन्यात जंगल रिकामं नसतं, मला तिथे माणसं भरायची आहेत. ते म्हणाले, “बाई, झाडं नोको मोजू, मानसं मोज.” मी म्हटलं, साहेब, माणसंच मोजून राह्यली. मग त्यांना फळी म्हणजे काय ते सांगितलं. उन्हाआधी पत्ता तोडायचा, पुडे बांधायचे, ते फळीवर उलटेसुलटे वाळवायचे, आणि पत्ता संपेपर्यंत तिथेच राहायचं. बिडी ओढत ऐकत होते. मध्येच हातातली बिडी फिरवून बघितली, जणू पहिल्यांदा बघत होते.

आठ दिवस लागले. कोणत्या जंगलाचा लिलाव झाला, कुठून ट्रक कुठे जातात, सगळं जमवलं. आपल्या बाजूचं तर मला तोंडपाठच. चौकटीचौकटीत माणसं भरली. शून्याचं गाव झालं. मला बरं वाटलं.

जाफरभाईंनी बघितलं आणि हसले. “पगली, एक मानूस दोन जागी कसा? जंगलात जोडला, तं गावातून कमी कर ना. नाई तं मशीन त्याले दोनदा मारन.”

बरोबर होतं त्यांचं. दोनदा मोजणं ही चूकच. मग मी गावांतून कमी केली. आपल्या गावाचं तर घराघरावरून बोट फिरवत केलं, कोण जातं, कोण राहतं. तू गेलास, वहिनी गेली, सोमाजी गेला, पत्रूकडचे सगळे गेले. आपल्या चौकटीत आपलं आणि शेजारची दोन, तिन्ही पत्त्याचीच गावं.

चारदा तपासलं. आता फाईल खरी आहे. जाफरभाईंनी सीडी करून मागच्या आठवड्यात वर पाठवली. दोन दिवसांनी हैदराबादहून उत्तर आलं, काम उत्तम, याच आकड्यांवर आता शिक्का, पुढे बदल नाही.

आता तुम्ही जा. बिनघोर जा. मागच्या पत्रात लिहिलं ते वाचलं नाहीस हेच बरं झालं.

नीलिमा


चंद्रपूर, २९ एप्रिल २००२

भाऊ,

शिक्का बसलेल्या फाईलवर प्रोग्राम काय सांगतो हे बघायचं माझं काम नव्हतं. माझं भरायचं काम संपलं होतं. पण चारदा तपासायची सवय, पाचव्यांदा बघितलं.

कोसमडोंगरीवर कडं नाही, हे आधी दिसलं. देवाला हात जोडले. मग कडं कुठे गेलं ते शोधलं.

ते आपल्या गावावर आहे.

आधी वाटलं, मशीन बिघडलं. पुन्हा चालवलं. मग समजलं. तुम्हाला मी जंगलात नेऊन बसवलं आणि गाव रिकामं केलं. आपल्या तिन्ही गावांच्या चौकटीत आता राहिलेत ते थोडेच. मी स्वतःच राखलेले. माय, वारलूमामा, कोलूची आंधळी आई, मंगरूकडची बाळंतीण आणि तिचं बाळ, असे. ज्यांना ट्रकमध्ये चढवत नाही ते. आजूबाजूला कुठेही बघितलं तरी याहून कमी माणसं एका चौकटीत नाहीत. प्रोग्राम चुकला नाही. मी जे खरं ते भरलं आणि त्याने त्यातून सर्वांत कमी तेवढं उचललं. खाली तीच ओळ.

मायच्या नावाची तिथे काही खूण नाही. एक आकडा आहे, त्यात ती आहे.

मी जाफरभाईंकडे धावले. म्हटलं, आपल्या चौकटीत माणसं परत घालते. त्यांनी खुर्ची सरकवून मला पडद्यासमोर जागा दिली. म्हणाले, घालून बघ, कडं कुठे जाते ते बघ. घातली. कडं सरकून माजरीकडे गेलं, खाणीच्या मातीच्या ढिगांवर. तिथे मी शून्य भरलेलं होतं. जाफरभाई म्हणाले, त्या ढिगांच्या आडोशाला झोपड्या आहेत, त्यांची एक चुलतबहीण तिथे राहते. त्यांनी प्रोग्राम बंद केला.

तरी मी वर लिहू या म्हणून हट्ट धरला, आणि त्यांनी लिहिलं. परवा सकाळी ऑफिसला आले, तर जाफरभाई जिन्यावर उभे होते, हातात डबा, टेबलावरची बायकोने विणलेली कापडी फुलं डब्यावर ठेवलेली.

“कंत्राट संपलं म्हणते,” ते म्हणाले. “चौघायचं एकच कंत्राट, माझ्या एकट्याचं कसं संपलं, ते नाई सांगतलं.”

मी विचारलं, आपली फाईल?

“किल्ली देऊन आलो, नीलिमा. आता ती त्यायची फाईल आहे.”

त्यांच्या जागी हैदराबादहून एक जण आला आहे. तो माझ्याशी नीट बोलतो. मी बदलाचं काढलं, तर म्हणाला, मॅडम, तुमचा हंगामी आकडा सगळ्यांना फार आवडला, दुसरे जिल्हेही आता असेच भरणार आहेत. मग मी काय म्हणणार?

भाऊ, आता ऐक. फळीवर जाताना मायला सोबत ने. मामांना, कोलूच्या आईला, बाळंतिणीलाही. खाटेसकट ट्रकमध्ये घाल. माय नाही म्हणेल, घर कोण राखेल म्हणेल. तरी ने. या वर्षी गावात कोणी राहू नका.

हे पाकीट तरी फोड.

नीलिमा


चंद्रपूर बसस्टँड, १८ मे २००२

भाऊ,

काल दुपारी तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि जिन्यातच बसले. वहीच्या पानावर पेन्सिलने, ओळी तिरक्या, पण एकही अक्षर खोडलेलं नाही. तू लिहिलंस:

“बाई, रेडिओवर लढाईचं आयकलो. मंग तुजे पाकिट काढलो. एक एक करून वाचून राह्यलो. दोन झाले. तू सांगतली मनून यंदा कोनी नाई गेलो. ट्रक परत केलो. तिनी गाव घरीच आहो. लोक शिव्या देऊन राह्यले, देऊ दे. माय खुश आहे, लेकरं आंगनात आहेत मनते. राग नोको धरू. तू लपवत नोवती हे समजलं.”

दिवाळीपासून मी याच ओळीची वाट बघत होते. आता ती माझ्या पर्समध्ये आहे आणि मी तिला हात लावत नाही.

तू दोन वाचलीस. राहिलेली दोन आढ्याला आहेत. त्यांत उलटं लिहिलं आहे, भाऊ. दुसऱ्या पत्रात मी सांगितलं, जंगलात जाऊ नका, कारण फाईलमध्ये जंगल रिकामं होतं. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून तुम्ही जाणारच असं धरून मी फाईल फिरवली. आता त्यात कोसमडोंगरी माणसांनी भरलेली आहे आणि आपली चौकट रिकामी. खरं म्हणजे कोसमडोंगरीवर आज आपल्यातलं चिटपाखरू नाही, आणि तू, वहिनी, पत्रूकडची सगळी, तिन्ही गावं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मे महिन्यात घरी आहात. माझ्या शब्दावर.

पंधरा दिवसांपासून रेडिओ लावला की तेच बोलणं. ऑफिसात दोन नवे फोन बसवले आहेत आणि ते आम्ही उचलायचे नाहीत. परवा तो हैदराबादचा माणूस सामान बांधत होता, इथलं मशीन दुसरीकडे न्यायचं आहे म्हणाला. कुठे ते सांगितलं नाही. मी विचारलं, उन्हाळ्याच्याच फाईलसकट? तो म्हणाला, अर्थात.

ती फाईल खरंच कोणी उघडेल का, मला माहीत नाही. कदाचित कपाटात पडून राहील आणि पाऊस येईल आणि तू मला जन्मभर हसशील. गावातले माझ्या नावाने खडे फोडतील, हिच्या पायी हंगाम बुडाला आणि वर हिनेच शेवटी जंगलात हाकललं. फोडू दे. मी फाईल बदलू शकत नाही. गाव बदलू शकते.

पोस्टाने आठ दिवस लागतात म्हणून हे पत्र टाकत नाही. सकाळची गडचिरोलीची गाडी लागली आहे, तिथून आरमोरी, तिथून मिळेल ते. सांगायला तोंड उघडलं तर मी रडेन, तू रागावशील, शेजारचे जमतील आणि मुख्य ते राहून जाईल. म्हणून लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात, कुठे अडू नये म्हणून. हे तुझ्या हातात देईन आणि आत मायजवळ जाऊन बसेन. सुट्टी मागितलेली नाही. ऑफिसला जे समजायचं ते समजू दे.

तू ओट्यावर बस आणि वाच. आढ्यावरची दोन काढत बसू नकोस, त्यात आता वेळ घालवू नकोस.

पत्ता अजून संपलेला नाही. आठ-दहा दिवसांचा तरी आहे. लोकांना तेवढंच सांग, की उरलेला हंगाम साधायला चाललो, आणि म्हातारे, बाळंतिणी, सगळे सोबत. आधी त्यांना चढवा. माझी जागा कोलूच्या आईला द्या, मी चालत येईन.

इथवर वाचून झालं असेल, तर ऊठ आणि ट्रक सांग. रागाव मग.

नीलिमा